जांभळ्या रंगाची साक्ष

ज्यांच्या घरी तीन-चार पिढ्यांची छायाचित्रे जपून ठेवली आहेत, अशा वाचकांच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली असेल. पणजोबांनी १९३० च्या सुमारास स्टुडिओतील पडद्यापुढे ताठ उभे राहून काढवून घेतलेले कृष्णधवल छायाचित्र थोडेसे पिवळे पडले असले, तरी त्यातील कोटाची बटणे आजही मोजता येतात. उलट १९७० ते १९८५ या काळात मोठ्या हौसेने काढलेली रंगीत छायाचित्रे पार विटकरी होऊन बसली आहेत. आकाश तांबूस, झाडे तपकिरी, नवरीचा पांढरा पोशाख गुलाबी. घरातील म्हातारे अजून खणखणीत आणि तरुण मात्र आधीच खचलेले, असा हा प्रकार आहे. असे का घडले, उडालेले रंग परत आणण्याची विद्या कशी जन्मली आणि त्या विद्येवर कितपत विसंबावे, या तीन प्रश्नांचा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत. निमित्त आमच्याच घरातील आहे, ते आधी सांगतो.

काही महिन्यांपूर्वी आमच्या आत्याने आपल्या जुन्या पेटीतून एक रंगीत छायाचित्र काढून आमच्या हाती दिले. देवळातील प्रसंग आहे. मिस्सा चालू आहे. पहिल्या बाकाच्या कडेला एका खुर्चीत आमचे आजोबा बसले आहेत आणि धर्मगुरू वाकून त्यांना ख्रिस्तप्रसाद देत आहेत. आजूबाजूची मंडळी गुडघे टेकून आहेत. आजोबांच्या शेजारी आमची आई असून तिच्या कडेवर आमचा धाकटा भाऊ आहे. त्याचा जन्म ऑक्टोबर १९७८ चा आणि आजोबा वारले मे १९७९ मध्ये. म्हणजे छायाचित्र या सात महिन्यांतले. धर्मगुरूंचे वस्त्र गडद लाल दिसत होते आणि मागे कोणीतरी बॉलपेनने लिहिले होते, ‘सेबॅस्टियनचा सण, १९७९.’

संत सेबॅस्टियन हे रक्तसाक्षी. २० जानेवारीच्या त्यांच्या सणाला लाल वस्त्र असणार, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. त्यामुळे त्या लेखी नोंदीबद्दल कोणालाच शंका आली नव्हती. गावचे जुने मानकरी म्हणून आजोबांना खुर्ची दिली असेल, अशी आम्ही समजूत करून घेतली होती. आत्याची खंत मात्र वेगळीच होती. सण झाल्यावर आठवडाभरातच आजोबांनी अंथरूण धरले. आत्या तेव्हा दूर सासरी होती. ‘शेवटच्या उपवासकाळात बाबांचे पाऊल देवळाला लागले नाही,’ असे ती गेली चाळीस वर्षे म्हणत आली आहे.

आम्ही ते चित्र घेतले ते केवळ त्याचा तांबडेपणा काढून टाकावा एवढ्याच हेतूने. पुढे काय झाले ते समजण्यासाठी रंगीत छायाचित्राचा जन्म पाहिला पाहिजे.

१७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाने एका चौकडीच्या रंगीत फितीचे चित्र पडद्यावर दाखविले. त्याच्यासाठी टॉमस सटन या छायाचित्रकाराने त्या फितीची वेगवेगळी छायाचित्रे लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून घेतली होती. छायाचित्रे स्वतः कृष्णधवलच होती. ती त्याच रंगांच्या गाळण्यांतून पडद्यावर एकावर एक पाडली, तेव्हा फितीचे रंग उमटले. मानवी डोळा सर्व रंग तीन मूळ संवेदनांतून घडवितो, हे मॅक्सवेलला सिद्ध करावयाचे होते. मौज अशी, की त्या काळच्या काचांना लाल प्रकाश जवळजवळ कळतच नव्हता. मग लाल रंग उमटला कसा? याचा उलगडा शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये कोडॅक कंपनीच्या संशोधकांनी केला. फितीच्या लाल भागातून डोळ्याला न दिसणारे अतिनील किरणही परावर्तित होत होते आणि लाल गाळणीतून तेच काचेवर पोचले होते. प्रयोग यशस्वी झाला, पण अंशतः योगायोगाने. रंगाच्या बाबतीत डोळ्यांना पटलेले उत्तर तपासून घ्यावे लागते, हा धडा या विद्येच्या पहिल्याच दिवशी मिळाला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

मॅक्सवेलच्या या मार्गाने सर्वांत दूरवर गेला तो रशियातील सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की. १८६३ मध्ये जन्मलेल्या या रसायनज्ञाने १९०८ मध्ये वृद्ध टॉलस्टॉय यांचे रंगीत छायाचित्र घेतले. पुढे झार दुसरा निकोलस याचा आश्रय मिळवून त्याने १९०९ ते १९१५ या काळात रशियन साम्राज्याचा दौरा केला. रेल्वेचा एक डबाच त्याची अंधारी खोली झाला होता. एका लांबट काचेवर एकाखाली एक अशी तीन कृष्णधवल चित्रे तो निळ्या, हिरव्या आणि लाल गाळण्यांतून घेई. मठ, घाट, शेतकरी स्त्रिया, बुखाऱ्याचा अमीर, सारे त्याने टिपले. क्रांतीनंतर १९१८ मध्ये त्याने देश सोडला आणि १९४४ मध्ये पॅरिस येथे तो वारला. १९४८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याच्या वारसांकडून हा संग्रह विकत घेतला. त्यात १,९०२ काचा होत्या.

अर्धशतकाने या काचा संगणकात उतरविल्या गेल्या. २००१ च्या प्रदर्शनासाठी वॉल्टर फ्रँकहाउझर या छायाचित्रकाराने निवडक काचांवरील तिन्ही चित्रे संगणकाच्या पडद्यावर एकमेकांशी जुळविली, डाग काढले, रंगांचा तोल साधला. २००४ मध्ये उरलेला संग्रह गणिती पद्धतीने आपोआप जुळविण्यात आला. पाहणारे थक्क झाले. झारच्या काळातील माणसे जणू काल सकाळी उन्हात उभी होती. तीन चित्रे एकामागून एक घेतलेली असल्याने वाहत्या पाण्यावर तेवढ्या लाल, हिरव्या, निळ्या कडा दिसतात. जे स्थिर राहिले ते सारे खरे उमटले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या काचांवर रंग मुळी नव्हताच. तेथे होती फक्त चांदी. लाल गाळणीतून किती प्रकाश आला, हिरवीतून किती, निळीतून किती, याची ती चांदीने लिहिलेली नोंद होती. आणि चांदी, नीट धुऊन कोरड्या जागी ठेवली तर, शतकभर टिकते. पणजोबांच्या कोटाची बटणे याच कारणाने शाबूत राहिली. रंग साठविण्याचा सर्वांत टिकाऊ मार्ग रंगहीन निघाला.

पण तीन काचा आणि तीन गाळण्या हा घरगुती उद्योग नव्हे. लोकांना एकच काच, एकच कागद हवा होता. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये ऑटोक्रोम काचा बाजारात आणल्या. बटाट्याच्या पिठाचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत बुडवून ते काचेवर पसरलेले असत. अल्बेर कान या फ्रेंच धनिकाने याच काचा देऊन जगभर छायाचित्रकार धाडले आणि सुमारे ७२,००० चित्रांचा संग्रह उभा केला. त्याचा एक छायाचित्रकार, स्तेफान पासे, १९१३ च्या अखेरीस मुंबईतही येऊन गेला. आपल्याकडे त्या काळी कृष्णधवल चित्रावर कुंचल्याने रंग चढविण्याची कला जोरात होती. स्टुडिओतील चित्रकार राजेरजवाड्यांच्या पागोट्याला आणि दागिन्यांना रंग देत. तो रंग शोभेसाठी आहे, हे देणाराही जाणे आणि घेणाराही.

१९३५ मध्ये लिओपोल्ड मान्स आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोन संगीतकार मित्रांच्या संशोधनातून कोडॅकची कोडाक्रोम फिल्म निघाली आणि १९३६ मध्ये जर्मनीत आग्फाची रंगीत फिल्म आली. १९४२ मध्ये कोडाकलर आल्यापासून कागदावरील रंगीत प्रती घरोघरी जाऊ लागल्या. या कागदात चांदी उरत नाही. ती धुण्याच्या प्रक्रियेत काढून टाकली जाते आणि तिच्या जागी तीन रंजकद्रव्ये राहतात: आकाशी, राणी आणि पिवळे. आकाशी थर लाल प्रकाश अडवितो, राणी थर हिरवा आणि पिवळा थर निळा. तिघे आपापली चौकी सांभाळतात तोवर चित्राचा तोल राहतो.

दुर्दैव असे, की तिघांचे आयुष्य सारखे नव्हते. त्या काळच्या बहुतेक कागदांत आकाशी रंजक सर्वांत दुबळे होते. अल्बममध्ये, अंधारात, कोणीही हात न लावता ते विरत जाई. उष्णतेने आणि दमटपणाने हा वेग वाढतो आणि आपल्या किनारपट्टीवर दोहोंची वाण नाही. आकाशी पहारेकरी झोपला, की लाल प्रकाश मोकाट सुटतो. म्हणून चित्र तांबडे होते. त्यातच न वापरली गेलेली रसायने कागदात राहून पिवळी पडतात, म्हणून पांढऱ्या जागा हळदुल्या होतात. भिंतीवर उजेडात टांगलेल्या चित्राची कथा वेगळी. तेथे राणी रंग आधी उडतो आणि चित्र फिकट, निळसर वा हिरवट होते. एकाच लग्नाची दोन चित्रे, एक पेटीतले आणि एक भिंतीवरचे, दोन विरुद्ध दिशांना गेलेली दिसतात ती यामुळे.

हे संकट फक्त घरगुती नव्हते. १९५० नंतरच्या चित्रपटांच्या प्रतीही अशाच गुलाबी होऊ लागल्या, तेव्हा १९८० मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी या दिग्दर्शकाने फिल्म बनविणाऱ्यांविरुद्ध जाहीर मोहीम उभारली. १९९३ मध्ये हेन्री विल्हेल्म यांचा रंगीत छायाचित्रांच्या टिकाऊपणावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढील काळात कागद सुधारले, पण जे आधीच छापले गेले होते ते आपल्या गतीने विरतच राहिले.

त्याच सुमारास रंगदुरुस्तीचे साधनही तयार होत होते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात शिकणाऱ्या टॉमस नॉल या तरुणाने १९८७ मध्ये एक आज्ञावली लिहावयास घेतली. त्याचे वडील प्राध्यापक होते आणि घराच्या तळघरात त्यांची अंधारी खोली होती. रंगांचा तोल सांभाळण्याचे पहिले धडे टॉमसने तेथे गिरविले होते. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांच्या करामती करणाऱ्या संस्थेत कामाला होता. दोघांच्या कामातून फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबी कंपनीने फोटोशॉप बाजारात आणले. १९९६ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी लिहिलेली गिंप ही विनामूल्य आज्ञावली आली. स्वित्झर्लंडमधील बाझल विद्यापीठात रुडॉल्फ ग्श्विंट आणि फ्रान्झिस्का फ्राय यांनी १९९० च्या दशकात आणखी एक पाऊल टाकले. कोणते रंजक किती विरते याचे गणित मांडून विरलेला रंग उलट हिशेबाने परत मिळविता येतो, हे त्यांनी दाखविले.

हा उलट हिशेब सामान्य वाचकालाही समजण्यासारखा आहे. स्कॅनर चित्राचे लक्षावधी ठिपके करतो आणि प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे लिहितो, प्रत्येकी ० ते २५५. म्हणजे मॅक्सवेलच्या तीन काचा पुन्हा वेगळ्या झाल्या. निरोगी चित्रात तिन्ही रंगांचे आलेख शून्याजवळून सुरू होऊन २५५ जवळ संपतात. आमच्या चित्रात हिरव्याचा आलेख ठीक होता, पण लाल रंगाचा आलेख नव्वदच्या आसपास सुरू होत होता. म्हणजे काळ्याभोर सावलीतही लाल प्रकाश शिरला होता. निळ्याचा आलेख वरच्या टोकाला अलीकडेच संपत होता, ती कागदाची पिवळी झाक. प्रत्येक आलेखाची दोन टोके ओढून आपल्या मूळ जागी नेली, की बराचसा तोल येतो. मग जी वस्तू निश्चित पांढरी असल्याचे आपणांस ठाऊक आहे तिच्यावर खूण करावी आणि तेथील तिन्ही आकडे सारखे करावेत. आमच्या चित्रात अशी वस्तू समोरच होती: धर्मगुरूंच्या वस्त्राखाली दिसणारा पायघोळ पांढरा झगा. चित्र फ्लॅशच्या पांढऱ्या उजेडात घेतलेले असल्याने झगा पांढराच दिसावयास हवा होता.

‘आपोआप दुरुस्ती’ असेही एक बटण असते. घाईच्या माणसाला ते मोहात पाडते. पण चित्रातील सर्व रंगांची गोळाबेरीज करड्या रंगाकडे जाते, असे काहीसे गृहीत धरून ते बटण काम करते. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साचे मेणबत्त्यांच्या उजेडातील चित्र त्याच्या हाती दिले, तर तो सोनेरी उजेड त्याला दोष वाटतो आणि तो दूर करून ते रात्रीची दुपार करून टाकते. यंत्राला रंग मोजता येतात. त्यातला कोणता रंग रोग आणि कोणता प्रकाश, हे त्या प्रसंगी हजर असलेल्या माणसाकडून समजून घ्यावे लागते.

आम्ही झग्यावर खूण केली. झगा पांढरा झाला. माणसांचे चेहरे ओळखीचे झाले. आईच्या साडीला हिरवी किनार होती, हे आम्हांस प्रथमच कळले. आणि धर्मगुरूंचे लाल वस्त्र आमच्या डोळ्यांदेखत जांभळे झाले.

पहिला विचार आला तो आमच्या चुकीचा. निळा रंग अधिक तर ओढला गेला नाही ना? पण वेदीजवळ टांगलेल्या अखंड दिव्याची लाल काच चित्रात दिसत होती आणि ती सर्व दुरुस्तीनंतर लालच राहिली होती. वस्त्र मुळात लाल असते तर तेही त्या काचेच्या पंगतीत बसले असते. जांभळा रंग राणी आणि आकाशी रंजकांच्या मिश्रणाने होतो. त्यातले आकाशी विरले, की मागे उरतो तो तांबडेपणा. वर्षानुवर्षे आम्ही जे लाल समजत होतो ते आजारी जांभळे होते आणि ती नोंद लिहिणाऱ्यानेही बहुधा चित्र विटल्यानंतर त्या लाल रंगावरूनच सण ठरविला होता.

तरीही एवढ्यावर इतिहास लिहावा काय? येथे आम्हांस एका अलीकडच्या प्रसंगाची आठवण झाली. कंबोडियातील तुओल स्लेंग तुरुंगात १९७५ ते १९७९ या काळात हजारो निरपराध माणसांची मरणापूर्वीची कृष्णधवल छायाचित्रे घेण्यात आली होती. एप्रिल २०२१ मध्ये त्यांतील काहींना संगणकावर रंग भरून ती प्रसिद्ध करण्यात आली. पाहतात तो काय, मूळ चित्रातील भेदरलेल्या चेहऱ्यांवर हसू उमटविलेले! मृतांचे नातेवाईक आणि कंबोडियाचे सरकार यांनी निषेध केला आणि ती चित्रे मागे घ्यावी लागली. रंग दुरुस्त करणे आणि रंग भरणे यांतील अंतर या प्रसंगाने चव्हाट्यावर आले. दुरुस्ती करणारा कागदात अजून शिल्लक असलेल्या अंशावरून मागे जातो. रंग भरणारा, मग तो कुंचल्याचा चित्रकार असो वा लाखो चित्रे पाहून अंदाज बांधणारे आजचे यंत्र असो, चित्रात नसलेले काही आणून ठेवतो. ते सांगून ठेवले तर शोभा, लपविले तर खोटी साक्ष.

म्हणून आम्ही दोन्ही चित्रे, मूळचे तांबडे आणि दुरुस्त केलेले, शेजारी शेजारी ठेवून आत्याला दाखविली आणि आमचा अंदाज तिला सांगितला नाही. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. तिने दुरुस्त चित्र हातात घेतले. वस्त्राकडे तिने पाहिलेही नाही. थोड्या वेळाने तिचे बोट वेदीवर गेले.

‘अरे, फुले कुठे आहेत?’ ती म्हणाली. ‘सणाला वेदीवर फूल नाही, असे कधी झालेय का आपल्या देवळात?’

खरोखरच वेदीवर एकही फूल नव्हते. दोन मेणबत्त्या आणि पांढरे कापड. सणाला झेंडूच्या माळांनी वेदी झाकून जात असे. उघडी वेदी उपवासकाळाची. १९७९ मध्ये राखेचा बुधवार २८ फेब्रुवारीला आला होता आणि पास्काचा रविवार १५ एप्रिलला. म्हणजे आजोबांनी अंथरूण धरल्यानंतर किमान महिनाभराने त्यांना कोणीतरी देवळात आणले होते. ती खुर्ची मानाची नव्हती. त्यांना गुडघे टेकता येत नव्हते, म्हणून ती होती.

फुलांचा अभाव तांबड्या चित्रातही दिसत होता. तो पाहण्यासाठी रंगाची गरज नव्हती. परंतु लाल रंगाने सणाची समजूत पक्की केली होती आणि त्या समजुतीपुढे उघडी वेदी कोणाच्या नजरेस पडली नाही. आमच्या मते रंगदुरुस्तीचे खरे मोल एवढेच आहे आणि ते थोडके नव्हे. ती स्वतः पुरावा देत नाही. आपल्या डोळ्यांवरची खोटी झापड दूर करते आणि पुरावा पुन्हा पाहावयास लावते. निकाल द्यावयाचा तो वेदीने, खुर्चीने, दिनदर्शिकेने आणि ज्यांना अजून आठवते त्या माणसांनी.

यावरून काही गोष्टी आम्ही आमच्या घरापुरत्या ठरविल्या आहेत. मूळ चित्र कितीही विटले तरी टाकावयाचे नाही. चिकट पानांच्या अल्बममधून ते सोडवून साध्या कागदात, कोरड्या जागी ठेवावयाचे. स्कॅन केलेली पहिली प्रत जशीच्या तशी राखावयाची आणि दुरुस्ती तिच्या नकलेवर करावयाची. काय बदलले ते लिहून ठेवावयाचे. आणि हे सारे घरातील वृद्ध आहेत तोवर करावयाचे, कारण रंजकद्रव्यांप्रमाणे त्यांच्या आठवणीचेही थर एकसारखे टिकत नाहीत.

त्या संध्याकाळी निघताना आम्ही आत्याला विचारले, की चित्राच्या मागची जुनी नोंद खोडून टाकू काय? ती म्हणाली, ‘खोडू नकोस. खाली दुसरी लिही.’ आम्ही पेन्सिलीने लिहिले: ‘उपवासकाळ, १९७९.’ आत्याने चित्र परत घेतले आणि पेटीत न ठेवता आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले.